नंदनवनातला मॉनिटर

पुराणातलं नंदनवन इंद्राचं. तिथे गंधर्व गातात, अप्सरा नाचतात आणि देव लोडाला टेकून ऐकतात. तिथल्या आवाजाच्या व्यवस्थेबद्दल एकाही पुराणात तक्रार आढळत नाही. आमचं नंदनवन नागपूरचं. जगनाडे चौकातून आत वळलं की लागतं ते. इथेही गाण्याला तोटा नाही. लग्नसराईत बँड, गणपतीत मंडळ, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत बघायला निघालेली पोरं आणि बारा महिने भाजीवाल्याचा भोंगा. तोटा आहे तो ऐकणाऱ्याला बसायला शांत जागेचा.

ती जागा मला निवृत्तीनंतर मिळाली. घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि उंचीलाही दहाच फूट. गवंड्याला हिशेब सोपा जावा म्हणून तशी बांधली असावी. "तुमचं ते गाणंबिणं आता तिथेच," असं म्हणून सौ.ने ती खोली माझ्या नावे केली आणि दार बाहेरून ओढून घेतलं. संसारात एवढा स्पष्ट कौल मला प्रथमच मिळाला.

मला ऐकायची होती ती मुख्यतः एक कॅसेट. 1981 च्या कोजागिरीला आमच्या महालातल्या वाड्याच्या गच्चीवर बाबा गायले होते. मामाने आखातातून आणलेल्या टू-इन-वनवर ते गाणं टेप झालं. कॅसेटवर बाबांच्याच अक्षरात लिहिलं आहे, "माझे गाणे, कोजागिरी 1981". बाबांचं गाणं हा आमच्या घराण्याचा सात-बारा होता. आकाशवाणीचं नागपूर केंद्र 1948 साली सुरू झालं, आणि पुढे काही वर्षांनी बाबांनी तिथल्या स्वरचाचणीसाठी अर्जही केला होता. पण ऐन चाचणीच्या दिवशी त्यांच्या साहेबाने रजा नाकारली. "त्या दिवशी रजा मिळाली असती तर..." हे वाक्य आमच्या घरी इतक्या वेळा उच्चारलं गेलं, की पुढचं कुणी कधी बोललंच नाही. त्या साहेबाला मी पाहिलेलं नाही. पण लहानपणी रामलीलेतला रावण जळताना मला तोच दिसायचा.

आई गाण्यातली नव्हती. तीच तसं म्हणायची. "मला बाई सूरबीर कळत नाही. माहेरी पेटी शिकवली म्हणून बोटं फिरतात एवढंच." बाबा गात, ती पेटी धरी, आणि गाणं संपल्यावर मसाला दूध आणायला उठे. टाळ्या पडत तेव्हा ती स्वयंपाकघरात असे.

तर ती कॅसेट भाच्याने संगणकात उतरवून दिली आणि मी स्पीकर घ्यायला निघालो.

दुकानात गेल्यावर विक्रेत्याने मला गाणं ऐकवलंच नाही. त्याने हेलिकॉप्टर ऐकवलं. मग ढग गडगडवले. "काका, बेस पाहा ना जी बेस! काच हलते का नाही?" काच हलत होती. माझं जेवणही हललं. पण लहानपणापासून मनात एक बसलेलं होतं, की पेटी मोठी तेवढा आवाज मोठा आणि आवाज मोठा तेवढा माणूस मोठा. मी साडेतीन फूट उंचीची जोडी घेऊन आलो. टेम्पोतून उतरवताना शेजारच्यांनी विचारलं, "काऊन जी, कपाटं घेतली का?"

दहा बाय दहात साडेतीन फुटांचे दोन स्पीकर ठेवायला जागा दोनच, दोन कोपरे. तिथे ते पहाऱ्यावरच्या हवालदारांसारखे उभे राहिले. बाबांची कॅसेट लावली. काय सांगू! काय तो खर्ज, काय ती भरदार गोलाई! सगळी खोली बाबांनी भरून गेली. स्वयंपाकघरातल्या फडताळातली पातेलीसुद्धा दाद देत होती. आठ दिवस मी तृप्त होतो. नवव्या दिवशी बातम्या लावल्या, तर निवेदिकाही बाबांसारखी बोलू लागली. तबल्याचा डग्गा, चित्रपटातला पाऊस, हवामानाचा अंदाज, सगळ्यांना तोच खर्ज. तेव्हा पाल चुकचुकली.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने आल्याआल्या खोलीची मापं घेतली आणि डॉक्टर एक्स-रे बघून करतात तसा चेहरा केला. "मामा, हा स्पीकर नाही, तुमची खोली गाते आहे."

ते शास्त्र असं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 344 मीटर धावतो. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या लाटेची अर्धी लांबी नेमकी मावते, तो सूर त्या खोलीत ठाण मांडून बसतो. दहा फुटांना तो येतो सेकंदाला 56 कंपनांचा. लांबी, रुंदी आणि उंची वेगवेगळी असली तर हे हट्टी सूर तीन ठिकाणी विभागले जातात. आमच्या गवंड्याने तिघांना एकाच जागी बसवलं होतं. शिवाय त्याच्या दुप्पट म्हणजे 112 वर दुसरा हट्टी सूर. आणि पुरुषाच्या आवाजाचा पाया असतो तो नेमका याच्या आसपास. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर या सगळ्यांना आणखी चिथावणी देतो. थोडक्यात, बाबांच्या गाण्याला आईच्या पेटीखेरीज आमच्या खोलीचीही साथ होती, आणि ती फार मोठ्याने होती.

"आणि मामा, हे सूर ऋतूप्रमाणे बदलतात," भाचा म्हणाला. गरम हवेत आवाज जास्त वेगाने धावतो. जानेवारीच्या पहाटे 10 अंशांना आमची खोली 55 कंपनांवर गुणगुणते. मे महिन्यात 45 अंशांना ती 58 च्या वर जाते. पेटीवाल्यांच्या भाषेत, हिवाळ्यात आमची खोली पांढरी सहामध्ये गाते आणि उन्हाळ्यात काळी पाचमध्ये, अर्थात फार खालच्या सप्तकात. नागपूरचा उन्हाळा माणसाचा पारा चढवतो हे ठाऊक होतं. तो भिंतींची पट्टीही चढवतो हे नवीन कळलं. हे कानांनी पडताळून मात्र पाहता आलं नाही, कारण मे महिन्यात कूलर चालू असतो आणि कूलरपुढे गंधर्वाचंही चालत नाही. तेव्हा आमच्याकडे गाणं ऐकायचा हंगाम दिवाळी ते होळी.

"मग उपाय?"

"मॉनिटर," भाचा म्हणाला.

आमच्या लहानपणी मॉनिटर म्हणजे वर्गातलं एक पोरगं असे. मास्तर बाहेर गेले की कोण बोललं, कोण हसलं, हे सगळं ते फळ्यावर लिहून ठेवी. त्याला मित्र नसत. स्पीकरांतला मॉनिटरही त्याच स्वभावाचा निघाला. साधा स्पीकर गाणं गोड करून वाढतो. मॉनिटर जे ध्वनिमुद्रणात आहे तेवढंच सांगतो, चूक असेल तर चुकीसकट. म्हणून तो रेडिओच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या तंत्रज्ञांसाठी बनतो. असली चुगलखोर वस्तू पैसे मोजून घरी का आणावी, हे मला समजेना. मग मी वाचायला घेतलं आणि त्याच्या कुळकथेत गुंतलो.

सुरुवातीला होता कर्णा. कुत्रा छाप तबकड्यांवरचं ते कुत्रं ज्याच्यात तोंड घालून बसलं आहे, तो. पुढे 1925 साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी कागदाचा एक शंकू घेतला, त्याच्या टोकाला तारेचं वेटोळं बसवलं आणि ते चुंबकाच्या खाचेत सोडलं. तारेतून वीज नाचली की शंकू नाचतो आणि शंकू नाचला की हवा. शंभर वर्षं होऊन गेली. लाखाचा स्पीकर असो की दाराच्या घंटेतला, बहुतेकांच्या पोटात आजही हीच युक्ती आहे. या शंकूला खर्ज काढायचा तर मागे मोठी पेटी लागे. म्हणून जुने रेडिओ आणि रेडिओग्राम फर्निचरच्या मापाचे असत, आणि वर पितळी फुलदाणी ठेवायला जागा असे. 1954 मध्ये एडगर विल्चर यांनी पेटी लहान केली आणि हवाबंद केली. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी शंकूला सावरू लागली आणि छोट्या पेटीतून खर्ज आला. पेटी मोठी तेवढा आवाज मोठा, हा समज 1954 सालीच खोटा ठरला होता. तो आमच्या नंदनवनात पोचायला सत्तर वर्षं लागली.

आता खरी गोष्ट. विलायतेत बीबीसीच्या संशोधन विभागाने 1970 च्या सुमारास एक खेळणं मांडलं होतं. मोठा स्टुडिओ बांधायला खर्च फार, आणि बांधल्यावर घुमतो असं कळलं तर काय? म्हणून त्यांनी एक-अष्टमांश मापाचा नमुना-स्टुडिओ केला आणि संगीत आठपट वेगाने त्यात वाजवून पाहू लागले. बाहुलीच्या घरासारख्या त्या स्टुडिओत ठेवायला स्पीकरही बाहुलीच्या मापाचा हवा. तो त्यांनी बनवला. बनवल्यावर ध्यानात आलं, की हे पोरगं भलतंच खरं बोलतं आहे. त्याच सुमारास बाहेरच्या कार्यक्रमांच्या प्रक्षेपणासाठी फिरणाऱ्या मोटारींत मोठा मॉनिटर मावत नव्हता. झालं! त्या छोट्याला तिथे नोकरी लागली.

त्याचं नाव एलएस तीन-पाच-ए. एलएस म्हणजे लाउडस्पीकर आणि तीन म्हणजे बाहेरच्या प्रक्षेपणासाठीचा. सरकारी खात्याने बारसं केलं की असंच होतं. उंची 30 सेंटिमीटर, रुंदी 19 आणि खोली 16. खोली म्हणजे पेटीची, आमची नव्हे. वजन पाच किलोच्या आसपास, म्हणजे दळणाच्या डब्याएवढं. 1976 साली हार्वुड, व्हॅटन आणि मिल्स या तिघांनी त्यावर रीतसर अहवाल छापला. मोटारीत बसलेल्या तंत्रज्ञाला कोपरही पसरता येत नाही, तिथे त्याला गाणाऱ्याचा सूर खरा ऐकू यावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. मी वाचता वाचता खोलीकडे पाहिलं. एवढी वर्षं जिला मी लहान म्हणत होतो, ती त्या मोटारीपुढे दरबार हॉल होती.

या मंडळींचा एक गुण सौ.ला फार आवडला. बीबीसीतले स्पेन्सर ह्यूज यांनी 1969 मध्ये स्वतःची स्पीकर कंपनी काढली आणि आपल्या स्पेन्सर या नावाला बायकोचं डोरोथी हे नाव जोडून तिला 'स्पेंडॉर' म्हटलं. अहवालातल्या हार्वुड यांनी 1977 मध्ये कंपनी काढली, ती हार्वुड आणि एलिझाबेथ मिळून 'हार्बेथ'. पुढे या दोन्ही कंपन्यांनी तीच छोटी पेटी परवान्याने बनवली.

"बघा," सौ. म्हणाली, "तुम्ही माझ्या नावाने आजवर काय काढलंत?"

"विमा," मी म्हणालो. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

नव्या जोडीचा भाव ऐकून मी खाली बसलो. शेवटी पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांकडून जुनी जोडी मिळाली, एका मोटारसायकलीच्या किमतीत. त्यांनी फोनवर माझी मुलाखत घेतली. कोण ऐकता? किती मोठ्याने? घरात मांजर आहे का? मी पास झालो. आमचे दोन हवालदार बिछायत केंद्रवाल्याने नेले. आता ते लग्नाच्या मांडवात सुखात आहेत आणि तिथेच त्यांची गरज होती.

छोट्यांना मात्र कोपरा चालत नाही. भाच्याने त्यांना तिवईवर, भिंतीपासून अडीच फूट पुढे ठेवलं आणि माझी खुर्ची इतकी जवळ ओढली की त्रिकोण झाला. "जवळ बसलं की मामा, स्पीकरचा आवाज आधी कानात येतो, भिंतींची मतं नंतर." मागच्या भिंतीला जुन्या दिवाळी अंकांचं कपाट, बाजूला आईच्या हातची गोधडी. गोधडीने वरचे सूर मऊ होतात. तो 56 चा हट्टी सूर गोधडीला भीक घालत नाही. पण छोटी पेटी मुळात इतक्या खाली फारशी उतरतच नाही, तेव्हा भांडणच मिटलं. लहान खोलीला लहान स्पीकर का, याचं एवढंच उत्तर आहे. खोलीला जे पचत नाही ते तिला वाढू नये.

आणि मग मी कोजागिरी 1981 लावली.

खर्ज गेला होता. गोलाई गेली होती. गच्ची होती, कुणीतरी खोकत होतं, कपबशा वाजत होत्या, आणि मधोमध बाबा. बाबा चढत होते. वरच्या षड्जाला पोचताना ते जरा खाली राहिले. पुन्हा चढले, पुन्हा खाली. मी खुर्चीत सावरून बसलो. तिसऱ्या खेपेला मला पेटी ऐकू आली. ती बाबांच्या मागून येत नव्हती, किंचित आधी येत होती. आई त्यांच्या पुढे सूर ठेवत होती, अंधाऱ्या जिन्यात कुणी पुढे कंदील धरावा तसा. आणि पेटीच्या आत, अगदी हळू, तोंड मिटून एक बाईचा आवाज गुणगुणत होता. तो सूर इतका सरळ होता की मी टेप थांबवली. आमच्या हवालदारांच्या खर्जाखाली तो आठ दिवस गाडला गेला होता, आणि टू-इन-वनच्या घरघरीत चाळीस वर्षं.

"मला बाई सूरबीर कळत नाही!"

मग मला आठवलं, ते वाचताना नुसतंच नजरेखालून गेलेलं. आकाशवाणी उभी करायला 1935 साली बीबीसीतून लायनेल फील्डन नावाचे साहेब आले होते. त्यांच्याच काळात, 1 मार्च 1940 पासून, आकाशवाणीने पेटीला बंदी केली. पेटीचे सूर खिळे ठोकल्यासारखे पक्के, त्यांच्यातून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, म्हणून पुष्कळ जाणत्यांचा तिच्यावर राग होता. रवींद्रनाथांनाही ती नको होती. ती बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. म्हणजे बाबांना त्या दिवशी रजा मिळाली असती, तर चाचणीच्या खोलीत ते बसले असते तंबोऱ्यापुढे, पेटीशिवाय, आईशिवाय. वरचा षड्ज आला असता आणि पुढे कंदील नसता.

आमच्या घराण्याने ज्याला तीन पिढ्या रावण म्हटलं, त्या साहेबाने बाबांची अब्रू राखली होती. बीबीसीच्या एका माणसाने पेटी घालवली आणि बीबीसीच्याच पेटीने ती आमच्या घरी परत आणली. या जुळणीवर मी खूश व्हायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला चोरी पकडल्यासारखं वाटत होतं. मॉनिटरने फळ्यावर बाबांचं नाव लिहिलं होतं आणि आता ते पुसायचं की ठेवायचं, हे माझ्यावर आलं होतं.

दिवाळीला आत्या आली. बाबांची धाकटी बहीण, वय 86, उजव्या कानात यंत्र. "दादाचं गाणं लाव," म्हणाली. मी टाळाटाळ केली. कॅसेट खराब झाली, वीज जाईल, चहा घेऊ आधी. पण आत्या खुर्चीत जाऊन बसली, तेव्हा लावावंच लागलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली. वरच्या षड्जाला मी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

गाणं संपलं. आत्याने डोळे उघडले. "वहिनीने किती छान सांभाळलंय बघ."

"म्हणजे... तुला माहीत होतं?"

"अरे, वाड्यात सगळ्यांना माहीत होतं. दादा वर गेला की आम्ही वहिनीकडे बघायचो."

"आणि बाबांना?"

"त्याला नसेल? पेटीवर दुसरं कुणी बसलं की त्याचा घसा बसायचा. म्हणायचा, दूध ऐन वेळी ओतू जाईल, पण हिला उठवू नका." आत्याने पदराने चष्मा पुसला. "रजेचं म्हणशील तर, साहेबाने नाकारली की यानेच मागितली नाही, कोण जाणे बाप्पा. मी काही विचारलं नाही. लाव पुन्हा."

मी पुन्हा लावलं. या वेळी मला बाबांचं उतरणं फारसं टोचलं नाही. दोघं मिळून वर जात होती आणि पोचत होती, एवढंच ऐकू येत होतं. हार्वुड आणि एलिझाबेथ, स्पेन्सर आणि डोरोथी. त्यांच्याकडे निदान पाटीवर दोन्ही नावं होती.

रात्री मी कॅसेटच्या डबीवरची ती जुनी चिठ्ठी काढली नाही. बाबांच्या हातची आहे ती. तिच्याखाली फक्त एक ओळ लिहिली, "पेटी आणि सूर : आई". सौ.ने खांद्यावरून वाचलं, काही बोलली नाही, आणि खोलीचं दार या वेळी आतून लावून दुसरी खुर्ची ओढून बसली. दोन माणसांत तो त्रिकोण बिघडतो, असं भाचा म्हणतो. बिघडू दे. होळीपर्यंत वेळ आहे. मग कूलर लावायचाच आहे.